तिरीप आणि म्हातारा आरसा

फार जुनी गोष्ट. एका बंद नळीत म्हातारा आरसा आणि समोर धाकटी आरसी राहत. मधे माणिक होतं. त्यातून या आरशाकडून त्या आरसीकडे धावताना तिरीप नावाच्या उजेडाच्या पोरीचं बळ प्रत्येक फेरीला दुप्पट होई.

"आजोबा, आता मला बाहेर जाऊ द्या," तिरीप म्हणाली.

"आधी हजार फेऱ्या! तुझ्या आजीनेही मारल्या."

"आजीच्या वेळचं माणिक कंजूष होतं. हे सढळ हाताने बळ देतंय. बघा, तापून तडकायला आलंय!"

"उलट बोलतेस? फिर मागे!"

माणिक कण्हलं, "पोरी, आणखी एका फेरीत मी फुटेन."

तिरीप आरसीला भिडली. "ताई, तुझा मुलामा पातळ आहे. आजोबांचा धाक सोड, वाट दे!"

आरसीने डोळे मिटून वाट दिली. माणिक निवलं.

तिरीप समोरच्या डोंगरावर पोहोचली, तरी आत आजोबा ओरडतच होते, "फिर मागे!"