मनगटावरची चार बोटं

"...आणि आत माणूसच आहे, हे तुम्हाला ओतायच्या आधी कसं कळतं?"

"कळत नाही," उस्ताद म्हणाले.

"मग ओतता कशाच्या भरवशावर?"

उस्ताद घमेल्यात प्लास्टर कालवत राहिले. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की त्यांचं प्लास्टर फार काळजीपूर्वक कालवलं जात असे.

व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या पायथ्याशी एक छोटं रोमन गाव होतं. एकोणीसशे वर्षांपूर्वी डोंगर फुटला आणि ते राखेखाली गेलं. पळता पळता माणसं जिथे पडली, तिथेच राहिली. त्यांच्याभोवती राख घट्ट झाली. देह केव्हाच झिजून गेले, आणि राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या आणि आत चार हाडं तेवढी उरली. अशा पोकळीत प्लास्टर ओततात. ते वाळलं की भोवतालची राख खरवडून काढतात. मग माणूस दिसतो, पडला होता तसा.

आन्येलो उस्तादांनी चाळीस वर्षं हेच काम केलं. मूळचे ते गवंडी. लॅटिन येत नाही म्हणून कोणी डिवचलं तर म्हणत, "मेलेल्यांनाही आता येत नसेल."

त्यांच्याकडे हे काम शिकायला आली होती सुलक्षणा मोहिते, साताऱ्याकडची. दोन पदव्या पदरात, तिसरी होऊ घातलेली. इटालियनही पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे उस्तादांपेक्षा शुद्ध. पहिल्याच आठवड्यात तिने उस्तादांच्या तीन चुका काढल्या. तिन्ही खऱ्या होत्या. उस्तादांनी मान डोलावली आणि तिला राख चाळायला बसवलं.

त्यांचा नियम एकच होता. पोकळी लागली की आत हात घालायचा नाही. पोकळीच्या तोंडावर कापडाचा बोळा ठेवायचा आणि उस्तादांना हाक मारायची.

"हात घातला तर काय होईल?"

"राखेला एवढंच काम आहे. कोणी कसं होतं ते लक्षात ठेवायचं. तू हात लावलास की ती तुझं लक्षात ठेवेल."

सुलक्षणा हसली. हे तिला जरा जास्तच वाटलं.

पण ती इतक्या दूर आली होती ती पदवीसाठी नाही. एकदा जेवताना तिने ते उस्तादांना सांगून टाकलं.

सात वर्षांपूर्वी तिच्या वाडीवर दरड कोसळली. डोंगर हलतोय हे कळल्यावर ती, आई आणि बाबा घराबाहेर पळाले. दारातच बाबा थांबले. गोठ्यात म्हैस बांधलेली होती. सुलक्षणाने त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं. "आलोच," म्हणाले.

अकरा दिवस शोध झाला. बाबा सापडले नाहीत. मग शोध थांबला.

"आई अजून कुंकू लावते," ती म्हणाली. "पण आरशात न बघता लावते. आमच्यात देह सापडला नाही तर पळसाची पानं मांडून माणूस करतात. डोक्याला इतकी पानं, छातीला इतकी, हातांना इतकी. त्याला अग्नी देतात. मग माणूस गेला असं धरायचं. आई सात वर्षं त्यासाठी मागे लागली आहे. मी होऊ दिलं नाही."

"का?"

"पानांचा बाप मला नको आहे, उस्ताद. मी इथलं सगळं शिकेन आणि घरी जाऊन चिखल उपसेन. मला ते जसे होते तसे पाहिजेत."

"चिखलात पोकळी राहते का?"

राहत नाही. हे तिला पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच कळलं होतं. ती उठून ताट धुवायला गेली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी आईचा फोन आला. आईचा फोन सोमवारीच यायचा.

"सुले, गुरुजी म्हनत्यात येत्या अमावस्येला करू. तू येतीस का?"

"आई, मी तुला किती वेळा सांगितलंय..."

"अगं, मी सवाशीण हाय का न्हाई, मलाच कळंना झालंय. काय ते एक होऊ दे की मला."

सुलक्षणाने फोन बंद केला आणि ती खड्ड्यात उतरली. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. तशातच तिची थापी एकदम आत गेली. राखेत मुठीएवढं भोक पडलं होतं.

तिने बोळा हातात घेतला. उस्तादांना हाक मारायला तोंडही उघडलं.

आणि मग बोळा बाजूला ठेवून तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

आत गार होतं, आणि कोरडं. तिची बोटं चाचपडत पुढे गेली. एक अरुंद जागा लागली, पुढे पाच बारीक वाटा फुटत होत्या. हात होता तो. तिने हात जरा मागे घेतला, त्या अरुंद जागेवर, मनगटाच्या जागी, बोटं टेकवली आणि दाबून धरली. किती वेळ, ते तिचं तिलाच ठाऊक नाही.

मग तिने हात काढला, बोळा लावला आणि उस्तादांना हाक मारली. हात घातल्याचं बोलली नाही.

उस्तादांनी भोकाची कड पाहिली. तिच्या कोपरापर्यंत माखलेल्या बाहीकडे पाहिलं. मग ते ओतायला बसले.

तीन दिवस वाळू दिलं. चौथ्या दिवशी राख खरवडायला घेतली.

आधी खांदा आला, मग पाठ. एक पुरुष होता, पालथा पडलेला, उजवा हात पुढे केलेला. उस्तादांनी मनगटावरची राख कुंचल्याने झाडली आणि ते थांबले.

मनगटावर चार उंचवटे होते, एकाशेजारी एक. कोणीतरी त्याला धरून ठेवल्यासारखे.

सुलक्षणाचा चेहरा उतरला.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी हात घातला होता. बोटं राखेत रुतली, तिथे प्लास्टर भरलं."

"हो."

"कानशीने घासून काढते. कोणाला कळणारही नाही."

तिने कानस उचलली. "उस्ताद, हे खोटं आहे! याला कोणी धरलं नव्हतं. हा एकटा मेला."

"हो. मोठी चूक आहे. तशीच नोंद कर, तुझ्या नावाने."

त्यांनी तिच्या हातातली कानस काढून घेतली. मग तिचा हात धरून त्या मनगटावर ठेवला. चारी बोटं त्या चार उंचवट्यांवर जागच्या जागी बसली.

ती रडायला लागली. सात वर्षांत ती अशी रडली नव्हती. आईसमोर नाही, दरडीसमोर नाही. "जाऊ नका हो, बाबा," एवढंच ती म्हणत होती, आणि तेही मराठीत. उस्ताद बाजूच्या दगडावर बसून राहिले. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. जरा ओशाळली.

"कोण होता हा?"

"माहीत नाही."

"चार हाडं आणि पोतंभर प्लास्टर. दुसरं काय आहे याच्यात?"

"काही नाही."

"मग मी रडले कशाला?"

उस्तादांनी घमेलं उचललं, पालथं केलं, आणि आत चिकटलेलं प्लास्टर ठोकून ठोकून काढलं. त्याला त्यांनी पुष्कळ वेळ लावला.

"अमावस्या कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी... का?"

"आईला फोन कर. सांग, हातांची पानं तू लावणार आहेस."