घाईराजा आणि तुसाच्या शेगडीवरचं मडकं

एक होता राजा. नाव त्याचं लांबलचक होतं, घ्यायला बसलं तर दम लागायचा. ते जाऊ द्या. लोक त्याला घाईराजा म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागं.

का म्हणत? कारण त्याला कशाचीच वाट बघवत नसे. भात कच्चाच ताटात घ्यायचा आणि कचकच चावायचा. आंबा पाडाला लागायच्या आत याच्या तोंडात. बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघायचा, कोंब आला का. रोज उकरल्यावर कोंब काय कपाळ येणार? असल्या माणसाला राजा कुणी केला? कुणी नाही. बाप राजा होता, म्हणून हा झाला. चालायचंच.

या राजाची आई होती. सगळे तिला आईसाहेब म्हणत. आईसाहेब नवी नवरी होऊन आल्या, तेव्हा उत्तरेकडच्या एका वाटसरूनं त्यांना एक सफरचंद दिलं होतं. त्यांनी ते खाल्लं आणि बी परसात लावलं. आपल्या मुलखात सफरचंद कुठं येतं, असं विचारायचं नाही. गोष्टीत येतं. गप ऐका.

लोक हसले. आईसाहेबांनी पाणी घातलं. एक वर्ष घातलं, दहा वर्षं घातलं, चाळीस वर्षं घातलं. झाड वाढलं, पानं आली, पण फळ म्हणून नाही. आणि चाळिसाव्या वर्षी, बरं का, झाडाला सफरचंदं लागली. मोजून अठरा. लालबुंद, टणक, वासानं गल्ली भरून जावी अशी.

पण तोवर आईसाहेबांच्या तोंडात एक दात उरला नव्हता.

त्यांनी एक फळ उचललं, हिरड्यांनी धरलं. ते सटकलं आणि टुणटुण उड्या मारत पलंगाखाली गेलं. आईसाहेबांना आला राग. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं पाणी घातलंय मी. या झाडाचं फळ पोटात जाईल तेव्हाच दुसरं काही खाईन." आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

हट्टी होती म्हातारी. पहिल्या दिवशी दूध परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेज परत पाठवली. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि राजाला बाहेर नेऊन सांगितलं, "उद्याचा दिवस काढतील. परवाचं मी सांगत नाही."

मग राजा घाबरला. आई म्हणजे आई. राजा झाला म्हणून काय झालं?

त्यानं सहा सफरचंदं पातेल्यात घातली आणि खाली अख्खा ओंडका पेटवला. जाळ कसा, आढ्याला लागेल असा! फळं खालून झाली कोळसा आणि वरून राहिली कच्ची. मग आणखी सहा घेतली आणि उखळात घालून स्वतः कुटली. त्याचा झाला काळा आंबट चोथा. आईसाहेबांनी जिभेला लावला आणि थू केला. उरली सहा. त्यांना हात लावायला राजा धजेना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात एक म्हातारी आली. ठमाबाई कुंभारीण. डोक्यावर मडकं, मागं गाढव, आणि गाढवावर भाताच्या तुसाच्या तीन टोपल्या.

"बाजूला हो रे," ती राजाला म्हणाली.

पहारेकऱ्यांनी भाले उचलले. राजाला अरे? पण राजा गुमान बाजूला झाला. का झाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ठमाबाईनं शेगडीत तूस ठासून भरलं, मधे भोक ठेवलं, तळाशी एक निखारा सारला. तुसाला जाळ नसतो, बरं का. ते आतल्या आत धुमसतं. मग तिनं सहाही सफरचंदं सोलली, बिया काढल्या, फोडी केल्या. मडक्यात फोडी, गुळाचा खडा, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर मीठ आणि घोटभर पाणी. वर झाकण. झाकणाच्या कडेनं कणीक थापली, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून.

"सूर्य बुडाला की उघडायचं," ती म्हणाली. "त्याच्या आधी नाही. हे मडकं आणि सूर्य एका दोरीनं बांधलेत. झाकण उघडलंस की दिवस परत पहिल्यापासनं."

"आणि न उघडता कळणार कसं, शिजलं का नाही ते?" राजानं विचारलं.

"शिजलं की कळतं," ठमाबाई म्हणाली आणि ओट्यावर सुपारी कातरत बसली.

राजा बसला मडक्यासमोर. थोडा वेळ बसला. मांडी बदलली. मिशी चावली. मडक्यातनं आवाज नाही, शेगडीला जाळ नाही, धूरही नाही. त्याच्या मनात आलं, निखारा विझला असणार! ही म्हातारी आपल्याला फसवतेय. ठमाबाईची पाठ वळली तशी त्यानं कणीक खरवडली आणि झाकण उचललं. एवढंसंच. बोटभर.

सुंऽऽऽ करून वाफ गेली. आणि आकाशात सूर्य थबकला, मागं फिरला, सरसर खाली उतरला आणि डोंगराआड जाऊन बसला. कोंबडा गोंधळून परत आरवला.

मडक्यात बघतात तर फोडी कच्च्याच्या कच्च्या!

आणि गावात काय झालं? गवळणीनं काढलेलं दूध म्हशीच्या आचळात परत गेलं. परटानं वाळत घातलेली धोतरं ओली होऊन परत गाठोड्यात. पोरांचे वीसपर्यंतचे पाढे म्हणून झाले होते, ते परत बे एके बे. आणि खंडू तेल्याची दाढ न्हाव्यानं नुकतीच उपटली होती, ती परत जागेवर येऊन बसली आणि ठणकायला लागली.

सगळा दिवस मागं गेला. दोन गोष्टी तेवढ्या गेल्या नाहीत. जळालेलं तूस परत आलं नाही, आणि आईसाहेबांची भूक मागं गेली नाही. ती आणखीच वाढली.

ठमाबाईनं राजाकडं बघितलं. दुसरी टोपली शेगडीत रिकामी केली आणि झाकण परत लिंपलं.

या खेपेला राजा म्हणाला, मडक्याजवळ बसायचंच नाही. घोड्यावर बसला आणि गेला रानात. ओढा ओलांडला, टेकडी ओलांडली. ऊन डोक्यावर आलं. तिथं त्याला आठवला तो कोळसा. काल फळं खालून जळाली होती ना? आताही खाली लागत असतील तर? सहाच उरलीत! ही जळाली तर आई गेली! त्यानं घोडा वळवला, उधळत आला, चाबूक हातात तसाच, आणि धाडकन झाकण काढलं.

काही जळलं नव्हतं. वाफेतनं असा गोड वास आला की राजाचे डोळे भरले. पण मग सुंऽऽऽ! सूर्य फिरला आणि गडगडत खाली. कोंबडा आरवला, पण रागारागानं.

आता मात्र गावाला सहन होईना. लोहाराच्या मुलीचं लग्न लागलं होतं, अक्षता पडल्या होत्या, पंगतीत जिलबी आली होती. जिलबी गेली परत कढईत आणि नवरदेव परत वेशीबाहेर घोड्यावर! नवरी म्हणाली, "मी आता परत लाजणार नाही. काय लाजायचं ते झालं." गवळण आली, परीट आला, पोरं आली. खंडू तेली गालाला फडकं बांधून सगळ्यांच्या पुढं.

"महाराज," खंडू बोबडं बोलत ओरडला, "एकच दाढ दोनदा उपटली! दोनदा! आता तिसऱ्यांदा उपटायचीय! एखाद्या माणसानं किती सोसायचं?"

"बांधा त्याला खांबाला!" मागनं कोणीतरी म्हणालं. परटानं दोरी आणलीच होती, धोतरं वाळत घालायची.

राजानं मान खाली घातली. म्हणाला, "बांधा. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही."

तूस आता एकच टोपली उरलं होतं. भात अजून शेतात हिरवा. नवं तूस यायला दोन महिने. आणि वैद्यबुवा खिडकीतनं बघत मान हलवत होते.

तेवढ्यात आतनं आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"कोण बांधतंय माझ्या लेकाला? दोरी ठेव रे परटा. माझा पलंग उचला आणि त्या शेगडीजवळ ठेवा."

पलंग आणला. ठमाबाईनं तिसरी टोपली भरली. कणकेचा गोळा राजाच्या हातात दिला. "आता तू लिंप," म्हणाली. राजानं लिंपलं. वाकडंतिकडं लिंपलं, पण भेग ठेवली नाही. मग तो पलंगाला टेकून जमिनीवर बसला. गावही अंगणात बसलं. लग्न तेवढं बाजूला लागलं, घाईत.

सकाळ गेली. दुपार गेली. राजाच्या बोटांना मुंग्या आल्या. उन्हं कलली तसा मडक्यातनं बुडबुड, बुडबुड आवाज यायला लागला. सूर्य डोंगरापासून चार हातांवर. राजाचा हात आपोआप उचलला गेला. कणकेपाशी गेला. सगळ्या गावानं श्वास धरला. खंडूनं गाल धरला.

आईसाहेब म्हणाल्या, "उघड की. राज्य तुझंय. पण आधी एक ऐक. तू पोटात होतास तेव्हा मी काय करत होते?"

"काय?"

"वाट बघत होते. झाकण उघडून बघितलं नाही, लेकरू शिजलं का कच्चंय ते."

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं.

"मी नऊ महिने बसणार होते," आईसाहेब म्हणाल्या. "पण तूच सातव्या महिन्यात झाकण उघडून बाहेर आलास!"

मग काय! सगळं अंगण हसलं. पहारेकरी हसले, वैद्यबुवा हसले, नवरीसुद्धा शालू तोंडाला लावून हसली. राजाचे कान लाल झाले.

"एवढासा होतास, मुठीएवढा," त्या पुढं म्हणाल्या. "रडायलाही येत नव्हतं. सगळे म्हणाले, हे काही जगत नाही. मग एक सुईण आली. तिनं तुला कापसात गुंडाळलं, बाजेवर ठेवलं आणि बाजेखाली तुसाची शेगडी लावली. मला म्हणाली, पांघरूण उघडून बघू नका, ऊब जाते. दोन महिने बघवत नव्हतं आणि उघडवतही नव्हतं. अंगावर पाजायची, की परत झाकायचं. हात असाच जायचा माझा, आता तुझा गेलाय ना, तसाच. आणि मी तो मागं घ्यायची."

"ती सुईण कोण?" राजानं विचारलं.

ओट्यावर अडकित्ता कटकन वाजला. ठमाबाई म्हणाली, "दोन महिन्यांनी पांघरूण काढल्यावर पहिली अंघोळ मीच घातलीय तुला. तेव्हाही पाणी तापायच्या आत ओरडायला लागला होतास."

राजानं हात मागं घेतला. आईसाहेबांनी तो हात आपल्या हातात धरला, वाळक्या पानासारख्या हातात. राजानं पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. आईसाहेब त्याच्या केसांतनं बोटं फिरवायला लागल्या. आणि जन्मात पहिल्यांदा, बरं का, घाईराजाला दिवसाउजेडी झोप लागली. तोंड उघडं टाकून, घोरत.

तो जागा झाला तो वासानं. सूर्य बुडाला होता. आणि वास कसा! गुळाचा, दालचिनीचा, चाळीस वर्षांच्या झाडाचा. गाढवसुद्धा दारातनं मान आत घालून उभं होतं.

"म्हटलं नव्हतं, शिजलं की कळतं?" ठमाबाई म्हणाली. "हं. उघड आता."

राजानं झाकण काढलं. सुंऽऽऽ झालं नाही. आकाशात पहिली चांदणी आली होती, ती तिथंच राहिली. मडक्यात फोडी नव्हत्याच. सोनेरी, लुसलुशीत, लोण्यासारखं मऊ गरगट झालं होतं. ठमाबाईनं रवीनं दोनदा घुसळलं आणि वाटी भरली.

राजानं पहिला चमचा फुंकला. चांगला फुंकला, घाई केली नाही. आईसाहेबांच्या तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटले. दुसरा घातला. त्यांच्या गालावर रंग आला. तिसरा घातला, तशा त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी पडलाय. आणि माझी पेज कुठंय? चार दिवसांची उपाशी आहे मी!"

मग जो कल्ला झाला! ढोल वाजले. लग्नाची जिलबी अंगणात आली. सहा सफरचंदांचं ते एवढंसं मडकं, पण सगळ्या गावाला बोटबोट पुरलं आणि तळाशी गाढवालाही उरलं. खंडू तेल्यानं दोन बोटं चाटली. त्याची दाढ तिसऱ्यांदा उपटून झाली होती आणि ती काही परत आली नाही.

त्या वर्षीच्या बिया राजानं स्वतः पेरल्या. उकरल्या नाहीत. रोज नुसता जाऊन बघायचा आणि परत यायचा. भातही आता शिजू द्यायचा. लोक त्याला घाईराजाच म्हणत राहिले, पण आता तोंडावर म्हणत, आणि तो हसायचा. आईसाहेब बिनदाताच्या खूप वर्षं जगल्या आणि सगळ्यांना बोलत राहिल्या. सगळं बरं झालं.

झाली गोष्ट. आता ओढा पांघरूण नाकापर्यंत. तुम्हीही अजून कच्चीच आहात सगळी, मंद आचेवर ठेवलेली. सूर्य वर येईपर्यंत कुणी झाकण उघडायचं नाही. जो डोळे उघडेल, त्याची रात्र परत पहिल्यापासनं, आणि खंडूची दाढ त्यानं उपटायची. झोपा.