ओढ्याजवळची हद्द

आंबेदऱ्याच्या सरपंच केराबाई ठोंबरे रस्त्यापायी हेलपाटे घालून दमल्या होत्या. पंचायत समिती म्हणायची, रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणायची, ओढ्यापासून पुढे ग्रामपंचायतीचा. ओढ्याजवळच्या चिखलातून एका अडलेल्या बाईला बाजेवर न्यावं लागलं, तरी हद्दीचा घोळ मिटेना.

एकदा जिल्हा परिषदेचे अभियंता देशभ्रतार साहेब शाळेच्या पाहणीला आले आणि त्यांची जीप नेमकी तिथंच रुतली. स्वागताला आलेल्या गावकऱ्यांवर ते ओरडले, "अहो सरपंचबाई, बघताय काय? ढकलायला सांगा!"

केराबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "ढकलतो की साहेब. पण पुढची चाकं आमच्या हद्दीत आलीत, ती आम्ही ढकलू. मागची तुमच्या हद्दीत हायेत. त्यांच्यासाठी तुमच्या हापिसात कुणाला भेटायचं?"

शेवटी पँट वर करून साहेब गुडघाभर चिखलात उतरले. "सगळा रस्ता आमचा. ढकला आता."

"चार माणसांदेखत बोललात बरं का," असं म्हणून केराबाईंनी पदर खोचला आणि जीपला स्वतः खांदा लावला.

आठवडाभरात मुरूम पडला. केराबाईंना धड आनंदही करता आला नाही; नळाच्या पाण्यासाठी त्यांना आता दुसऱ्या खात्याकडे जायचं होतं.