मोत्यांचा सुरमा

एका राज्यात अशी रीत होती, की खळ्यावरचं पहिलं सूप राजाच्या लेकीनं उफणायचं. तिच्या सुपातून भात पडला, की मग साऱ्या राज्याची सुपं वर जात.

त्या साली राजकन्या शशिलेखेनं सूप उचललं आणि वारा फिरला. एक कुसळ उडालं, ते नेमकं तिच्या उजव्या डोळ्यात.

राणी भानुमती धावली. आईचा जीव तो, धीर कुठला? तिनं पदराचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली, डोळा चोळला. कुसळ निघालं, पण डोळा लालभडक झाला. एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. ती थांबली नाही.

राजवाड्याच्या तळघरात मोत्यांचा एक रांजण होता. तो जादूगार ताम्रकेशाचा. राजाच्या आज्यानं तो लुटून आणला, त्याच दिवशी ताम्रकेश बोलला होता, "या मोत्यांना जो हात लावील, त्याच्या लाडक्या माणसाच्या डोळ्यांवर यांची छाया पडेल." तेव्हापासून तळघराचं दार बंद होतं. पण मोत्यांचा सुरमा डोळ्याला थंड, असं राणीनं माहेरी ऐकलं होतं. लेक कण्हत असताना शाप कोण आठवत बसतं! तिनं एक टपोरा मोती खलात घोटला. आणि एका डोळ्यात घातला, तर दुसऱ्यानं काय पाप केलंय, म्हणून दोन्ही डोळ्यांत घातला.

दोन्ही डोळे चिघळले. पुढे आग निवली, जखम भरली, पण बुबुळांवर मोत्याच्या रंगाचा वण राहिला. हातावरचा वण बाहीखाली झाकता येतो. बुबुळ म्हणजे डोळ्याची खिडकी. तिच्यावर वण पडला, की उजेड बाहेरूनच माघारी जातो.

"आई, दिवे लाव ना," शशिलेखा म्हणाली.

तेव्हा भर दुपार होती.

राणी उठली आणि अनवाणी रानात गेली. तिथं एका उंबराच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी राहत असे. तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं आणि बारीक फटीतून ती अवघं जग बघे.

"कोण रडतंय खाली? पिलं जागी होतील माझी."

"मी भानुमती. लेकीचे डोळे मी माझ्या हातानं घालवले."

"पाहिलं मी. वण वरवरचा असता तर औषधानं विरला असता. हा खोल गेलाय. बुबुळाची जुनी काच काढून दुसरी बसवावी लागेल. तीन कामं करशील?"

"तीनशे करीन!"

"तीनच कर, बाई. जास्तीचं करूनच हे झालंय."

राणी खाली मान घालून ऐकत राहिली.

"स्वच्छ पाण्यानं धुण्यापलीकडे लेकीच्या डोळ्यांना काही करू नकोस. रांजण ज्याचा त्याला नेऊन दे. आणि जो हे जग सोडून निघालाय, त्याच्याकडून बुबुळांच्या काचा माग. त्यानं खुशीनं दिल्या तरच घे. हिसकावलेली काच रुजत नाही."

पहिलं काम सोपं वाटलं आणि तेच जड गेलं. कुणी मध घेऊन आलं, कुणी पाल्याचा रस, कुणी शेळीचं दूध. "एकच थेंब, राणीसाहेब!" राणी साऱ्यांना हात जोडी आणि मग तेच हात पदरात गुंडाळून लेकीपाशी बसे. सवयीचे हात ते, सारखे पुढे जायचे.

डोळ्यांची उरलीसुरली लाली गेली, तेव्हा तिनं रांजण डोक्यावर घेतला आणि ताम्रकेशाची गुहा गाठली. म्हातारा घोंगडीवर पडून होता. केस अजून तांब्याचे, श्वास मात्र थकलेला.

"एक मोती कमी आहे," तो न बघताच म्हणाला.

"तो माझ्या लेकीच्या डोळ्यांत गेला."

म्हाताऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "लुटणाऱ्यासाठी बोललो होतो मी. पोरीसाठी नव्हे."

"मग शाप मागे घ्या, बाबा."

"सुटलेला शब्द माघारी येत नाही. आणखी काय मागायचंय?"

ज्याला आपल्या घराण्यानं लुटलं, त्याच्याकडेच मागायचं? तरी ती बोलली. "तुम्ही निघालात, बाबा. तुमच्या बुबुळांच्या काचा द्याल का? नाही म्हणालात, तरी तुमच्या पायांपाशी बसून पाणी पाजीन."

ताम्रकेश हसला. "डोंगरापलीकडचं हरीण दिसतं मला अजून. पण उद्या मातीत मिसळून ते डोळे काय बघणार? ने. मात्र मी गेलो, की वेळ दवडू नकोस."

राणीनं त्याला पाणी पाजलं. पहाटे तो शांतपणे गेला.

धनेशीनं गुहेपाशी शिंपी पाखरू धाडलं होतं; त्यानं म्हाताऱ्याच्या काचा काढून दिल्या आणि राणीनं त्या तडक राजवाड्यात लेकीपाशी आणल्या. तिथं पाखरानं शशिलेखेच्या एका डोळ्यावरची वणाची काच अलगद उचलली, म्हाताऱ्याची नितळ काच बसवली आणि कोळ्याच्या धाग्यानं कडेकडेनं टाके घातले. तसंच दुसऱ्या डोळ्याला.

"धूळ जाऊ देऊ नका. चोळू नका. मी देतो ते औषधाचे थेंब चुकवू नका," पाखरू म्हणालं. "पाहुणी काच आहे. घरात रुळायला वेळ घेईल."

राणीनं वेळ दिला. आता तिला ते जमत होतं.

मग एका सकाळी पट्टी सुटली. शशिलेखेनं पापण्या उघडल्या. आधी खिडकी दिसली, मग खिडकीतलं आभाळ, मग समोर बसलेली आई. त्याच घडीला गुहेतल्या रांजणातले मोती विरघळून नितळ पाणी झाले.

राणीचे डोळे भरून आले. पुसायला तिनं पदराचं टोक उचललं, तोच लेकीनं तिचं मनगट धरलं.

"चोळू नकोस गं, आई. वाहू दे."

पुढच्या सालापासून त्या राज्यात खळ्यावर सुपाआधी स्वच्छ पाण्याचा हंडा येऊ लागला. आणि जाणारं माणूस जाताना म्हणू लागलं, "माझे डोळे ठेवून घ्या." शशिलेखेनं सूप उचललं, वारा नीट वाहिला, भात पायांशी पडला. तिचं जसं निवळलं, तसं ऐकणाऱ्या साऱ्यांचं निवळो.