चंद्रीचा नेम

फार मागे जांभळाच्या ढोलीत मधमाश्या नांदत होत्या. त्यांतल्या चंद्रीची बहीण गांधीलमाशीनं उचलून नेली, तेव्हा तिनं देवापुढे नेम धरला होता: रोजच्या मधाचा पहिला थेंब शोधघराला. तिथल्या माश्या झाडाझाडाचा चीक तपासून गांधीलमाश्यांना पिटाळणारा लेप बनवत.

बाकीच्या फणकारल्या, "आम्ही राबायचं नि ह्यांनी पानं हुंगत बसायचं?" आजवर त्याही थेंब देत, ते त्यांनी बंद केले. एकट्या चंद्रीच्या थेंबावर लेप एकाच दाराला पुरला.

गांधीलमाश्या त्या दारातून फिरल्या, दुसऱ्यातून घुसल्या आणि पिल्लं ओढून घेऊन गेल्या.

"आता गळे काढता?" चंद्री कडाडली. "शत्रू घरात शिरल्यावर लेप शोधायचा असतो का गं? उरलेल्या पिल्लांसाठी तरी, बायांनो, उद्यापासून आधी तो थेंब द्या, मग तोंड गोड करा."