ढेकूळ म्हणून हिणवलेली लेक

फार पूर्वीची गोष्ट. एका बारवेत, पाण्याखालच्या पायरीला धरून हायड्रा राहायचे. नखाहून लहान जीव. खाली देठ, वर हातांची झालर.

त्यांच्यात रीत अशी, की जिच्या अंगाला जास्त कोंब, तिला मानाची जागा. कोंब फुटायचा, वाढायचा, सुटून शेजारी बसायचा. झाली लेक! नवरा नको, बारसं नको. सगळ्या लेकी हुबेहूब आईच, मग नावं ठेवायची कशाला? पायरीवर दोघी बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीला हाक मारली की अख्खी पायरी ओ द्यायची.

त्या वर्षी पाणी उतरायला लागलं. धाकटीनं कोंब धरलाच नाही. तिनं पलीकडच्या कोपऱ्यातल्या नराचं बीज घेतलं आणि अंगावर अंडं धरलं.

थोरली खवळली. "अगं ए, लाज आहे का? आपल्या घराण्यात कुणाला नर लागला नाही!"

"पाणी होतं तोवर नाही लागला, आक्का. आता पाणी चाललंय."

"आणि निपजलं काय, तर हे ढेकूळ! ना हात, ना देठ. गेलंय तरी कुणावर?"

"अर्धं माझ्यावर, अर्धं त्याच्यावर. पण लेक माझी आहे," धाकटी ताठ मानेनं म्हणाली. अंड्यावर टणक कवच चढेपर्यंत तिनं ते अंगावरून हलू दिलं नाही. मग पायरीच्या फटीत चिकटवलं.

पुढं गावकऱ्यांनी गाळ काढायला बारव उपसली. पायऱ्या उघड्या पडल्या. थोरलीच्या लेकी उन्हानं सुकत गेल्या. जे एकीला सोसलं नाही, ते कुणालाच सोसलं नाही.

शेवटच्या ओलीत दोघीच उरल्या. थोरली हळूच म्हणाली, "ते तुझं... जगेल ना गं?"

"ढेकूळ म्हण की!" धाकटी हसली. "जगेल. माझी आहे ती."

गाळ निघाला, झरे मोकळे झाले, पाणी चढलं. फटीतलं कवच तडकलं. आतून आली ती हात बापासारखे लांब आणि मान आईसारखी ताठ घेऊन.

पाणी मुबलक होतं, म्हणून तिनंही कोंब धरला. पण त्याला बजावलं, "माझ्यासारखीच होशील, हो. पाणी उतरलं तर मात्र अंडं धरायला लाजू नकोस. आपण त्या ढेकळातूनच आलोय!"

तात्पर्य काय, तर भरल्या पाण्यात आपल्यासारखं लेकरू कुणालाही होतं. वाईट दिवसांतून वंश तारतं ते आपल्याहून वेगळं असतं. त्याला हिणवाल तर तुमचाच वंश बुडेल.