मासोळी की फुली

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा गलबतं वाऱ्यावर चालत आणि बातम्या गलबतांवर. एका बंदरात एक म्हातारा तांडेल राहत होता. उभा जन्म त्याने गलबत हाकण्यात घालवला, आणि गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तो घरी येऊन बसला. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. एकुलती एक लेक दूरच्या गावी दिली होती.

रिकाम्या बसलेल्या माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. तांडेलाला वलंदेजी मडक्यांचा लागला.

वलंदेज म्हणजे समुद्राच्या पाण्याहूनही सखल मुलखात बांध घालून राहणारे लोक. त्यांच्याकडे एक मोठी लढाई झाली आणि घरोघरची भांडी फुटली. तेव्हा तिथल्या कुंभारांनी ठरवलं, आता एकासारखं दुसरं भांडं करायचं नाही. ज्याने त्याने आपल्या चाकावर आपल्या मनाजोगतं घडवायचं, राखेचा नाहीतर शेवाळाचा रंग चढवायचा आणि बुडाशी आपली खूण कोरायची. त्या कुंभारांत एक बाई होती. तिच्या हाताला तोड नाही, असं खलाशी सांगत.

एका खलाशाने तांडेलाला त्या बाईच्या हातचं म्हणून एक मडकं आणून दिलं. तांडेलाने ते उलटं करून पाहिलं. बुडाशी दोन बाकदार रेघा एका टोकाकडे एकमेकींना छेदून गेल्या होत्या. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या डोळ्यांना त्यात काय दिसणार? मासोळी दिसली.

"ही त्या कुंभारणीचीच खूण," तांडेल म्हणाला, आणि त्या दिवसापासून मासोळीवाली मडकी गोळा करू लागला. येणाऱ्या प्रत्येक गलबताकडे त्याची एकच मागणी असे. बघता बघता बावन्न मडकी झाली. कुणाची मान तिरकी, कुणाचं पोट एका बाजूला सुटलेलं, कुणाचा काठ ओठ मुडपल्यासारखा. तांडेल म्हणे, "हाच तर तिचा डौल आहे." आणि बघायला आलेली मंडळीही माना डोलावत. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणं सगळ्यांत सोपं, हे तुम्हा आम्हाला काय सांगायचं.

घरातली समुद्राकडची मोठी खोली मडक्यांनी भरून गेली. तिथे कुणी जोरात चालायचं नाही, खिडकी सताड उघडायची नाही. एकाही मडक्यात कधी पाण्याचा थेंब पडला नाही. तांडेलाचा सगळा जीव त्या भांड्यांत अडकून बसला होता.

अशात लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

तिला कुठे ठेवायचं? घरात दुसरी एकच खोली होती, चुलीला लागून. तिथे धूर कोंडायचा. लेक मुळातच नाजूक. चार दिवसांत तिला खोकला धरला, आठव्या दिवशी धाप लागू लागली.

बायको म्हणाली, "अहो, समुद्राकडची खोली रिकामी करा. पोरीला वारा हवाय."

"करतो ना. पण एकेक मडकं पेंढ्यात बांधायला चार दिवस लागतील," तांडेल म्हणाला. "आणि ती कुंभारीण आपल्याकडची तांबडी माती बघायला निघाली आहे म्हणे. येत्या गलबताने पोचेल. तिने एकदा मडकी बघून 'माझीच' म्हटलं, की लगेच हलवू. तोवर एखाद्याचा टवका उडाला तर तिला काय तोंड दाखवू?"

"लेक थांबेल हो तोपर्यंत. पोटातलं पोर थांबेल का?"

तांडेल माणूस वाईट नव्हता. खोकल्याची उबळ ऐकू आली की तो लेकीच्या दाराशी जाऊन उभा राही. पण नाद ही चीजच अशी असते, की ती माणसाकडून 'उद्या' म्हणवून घेते.

सुईण येऊन बघून गेली. जाताना तिने स्पष्टच सांगितलं, "या धुरात पोरीला स्वतःपुरताही श्वास मिळत नाही, बाळाला ती कुठून देणार? जागा बदला. नाहीतर उद्या मला बोल लावू नका."

तांडेल खाली मान घालून म्हणाला, "फक्त दोन दिवस."

दुसऱ्याच दिवशी दुपारी गलबत लागलं. कुंभारीण उतरली. उंच, पांढऱ्या केसांची, नखांत माती असलेली बाई. खलाशांकडून शिकलेली आपली भाषा ती मोडकीतोडकी बोलत होती. तांडेल तिला थेट समुद्राकडच्या खोलीत घेऊन गेला.

तिने एक मडकं उचललं, उलटं केलं. दुसरं उचललं. तिसरं, चौथं. मग खाली बसून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तुझीच ना?" तांडेलाने विचारलं.

"माझीच," ती म्हणाली. "सगळी माझी."

"आणि ही मासोळी?"

"मासोळी नाही, दादा. ही फुली आहे. घाईत मारलेली फुली. भट्टीतून वाकडं निघालं, बिघडलं, की माझ्या खुणेऐवजी मी फुली मारते, म्हणजे विकायच्या मालात चुकून जात नाही. मला फोडवत नाही. म्हणून खलाशांना देते. घ्या म्हणते, वापरा."

तांडेल भिंतीला टेकला. बावन्न मडकी, बावन्न फुल्या. गावभर त्याने ज्याला डौल म्हणून मिरवलं, तो बिचारीच्या हातून झालेला बिघाड होता. लाजेने त्याचे कान तापले.

आणि नेमकी त्याच वेळी चुलीमागच्या खोलीतून लेकीची किंकाळी आली. पाठोपाठ बायको दारात येऊन उभी राहिली. "कळा सुरू झाल्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. बाकीचं तिच्या डोळ्यांत होतं.

तांडेल उठला. दोन मडकी या काखेत, दोन त्या काखेत मारून तो अंगणात गेला आणि परत आला. मग कुंभारीणही पदर खोचल्यागत आपला झगा वर खोचून मदतीला लागली. ज्या कामाला चार दिवस लागणार होते, ते विडा चघळून होईपर्यंत उरकलं. तीन मडकी फुटली. त्यांच्याकडे वळूनही कुणी पाहिलं नाही.

खिडक्या सताड उघडल्या. लेकीला उचलून आणलं, सुईणीला बोलावून घेतलं. समुद्राचा वारा भरभरून आत आला आणि तिने कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला. सुईणीला गरम पाणी कमी पडू लागलं, तेव्हा तांडेलाने स्वतःच्या हाताने वलंदेजी मडकी भरून दिली. जाड मातीत पाणी छान ऊन राहिलं.

रात्र चढायच्या आत मुलगी झाली. ती सणसणीत रडली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "दोघी खुशाल आहेत." आणि इतकी वर्षं भांड्यांत अडकलेला तांडेलाचा जीव त्या क्षणी खऱ्या अर्थाने भांड्यात पडला. पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. फार सुखाचं रडणं होतं ते.

थोड्या वेळाने तो कुंभारणीला म्हणाला, "बाई, तुझी तीन मडकी आज माझ्या हातून फुटली."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या हातून होत नव्हतं."

महिनाभर राहून, तांबडी माती पोत्यांत भरून ती परत निघाली. जाण्याच्या दिवशी तिने आपल्या पेटीतून एक सुरई काढली. डोळे ठरावेत अशी देखणी, आणि बुडाशी फुली नव्हती, तिची खरीखुरी खूण होती. "ही चांगली आहे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. हिला बोट लावू देऊ नकोस कुणाला."

बायकोने श्वास रोखला.

तांडेलाने सुरई हातात घेतली, उजेडात फिरवून डोळे भरून पाहिली, आणि अलगद कुंभारणीच्या हातात परत ठेवली.

"फार सुंदर आहे, बाई," तो म्हणाला. "पण ठेवू कुठे? खोली भरली आहे."

आत पाळण्याची दोरी कुरकुरत होती.

तात्पर्य: घर आधी माणसांचं, वस्तूंनी तिथे उरलेल्या जागेत राहावं.